गाडीतल्या आवाजाच्या तक्रारी: बडोद्यात मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझं दुकान नाही. वायरिंगचा जुना नाद आहे, एवढंच. दांडिया बाजारात आमच्या घरासमोर रविवारी सकाळी कोणी ना कोणी गाडी लावतं आणि म्हणतं, "काका, जरा बघता का, डेक गेलाय." डेक क्वचितच गेलेला असतो. बहुतेक वेळा अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली मायनसची वायर) ढिली असते, एखादी वायर उलटी असते, नाहीतर दाराचा पत्रा वाजत असतो. तोवर नव्या डेकचे पैसे मात्र कुणीतरी मोजून झालेले असतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

इंजिन चालू केलं की स्पीकरमधून 'ऊंऽऽ' येतं आणि ॲक्सिलरेटर दाबला की ते चढत जातं. डेक बदलू का?

नका बदलू. हा अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा आवाज आहे. अल्टरनेटर मुळात एसी वीज तयार करतो, त्यातले डायोड तिची डीसी करतात, पण थोडी लहर शिल्लक राहतेच. डेकची अर्थ एका जागी आणि ॲम्प्लिफायरची दुसऱ्या जागी असली, की त्या दोन जागांत काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. तो आरसीए वायरमधून (डेककडून ॲम्पकडे गाणं नेणारी वायर) गाण्यात शिरतो आणि ॲम्प त्याला गाण्याइतकंच मोठं करून दाखवतो.

मकरपुऱ्याहून आलेल्या एका गृहस्थांना वाटत होतं, की पेन ड्राइव्हवरच्या तानपुऱ्याची जुळवणीच बिघडलीय. तानपुरा आपला सूर सोडत नाही. अल्टरनेटर मात्र पायाबरोबर पट्टी बदलतो. ओळखायची खूण हीच.

शोधायची रीत अशी. ॲम्पच्या टोकाच्या आरसीए पिना काढा. आवाज गेला, तर तो मागून, म्हणजे डेकच्या बाजूने येतोय. नाही गेला, तर ॲम्पची स्वतःची अर्थ किंवा पॉवर वायर बघा. मागून येत असेल, तर मोबाइल चार्जरला न लावता छोट्या वायरने थेट ॲम्पला जोडा. शांत झालं, तर दोष डेकच्या अर्थमध्ये किंवा आरसीए वायर जिथून गेलीय त्या वाटेत. मग दुसरी आरसीए वायर नुसती सीटवरून मोकळी टाकून ऐका. बऱ्याचदा इथेच उलगडा होतो, कारण फिटरने पॉवरची वायर आणि आरसीए एकाच बाजूने, एकाच चिकटपट्टीत गुंडाळून नेलेली असते.

अर्थ द्यायची तर रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, बोल्ट घट्ट कसा, वायर अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको आणि प्लसच्या वायरपेक्षा बारीक तर मुळीच नको. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू नका. मग गाणं मोठ्याने लावून ॲम्पची अर्थ आणि बॅटरीचं मायनस यांच्यामध्ये मल्टिमीटर धरा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर मी ती अर्थ बरी मानतो. अर्धा व्होल्ट दिसला, तर पुढचं काही तपासायची गरजच नाही.

बाजारात 'नॉइज फिल्टर' म्हणून छोटी डबी मिळते. ती चालते, पण स्वस्त डबीतला चिमुकला ट्रान्सफॉर्मर बेसही खाऊन टाकतो.

फोन ऑक्स केबलने लावला आणि चार्जिंगलाही लावला, की मगच आवाज येतो.

चार्जर. केबल काढा, ब्लूटूथने ऐका.

इंजिन बंद असतानाही बारीक 'सूंऽऽ' येतं.

ॲम्पचा गेन जास्त आहे. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल याची गणती नाही. डेककडून किती व्होल्टचा सिग्नल येतोय, त्याच्याशी ॲम्पचा मेळ घालायचं ते बटण आहे. ते पूर्ण फिरवलं म्हणून ताकद वाढत नाही. ॲम्प आपल्या मर्यादेला लवकर धडकतो आणि लहरीचे माथे कापले जातात. कापलेल्या लहरी सतत वाजल्या, की ट्विटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) आणि स्पीकरची कॉइल जळतात.

गेन लावायला गणित सोपं आहे. ॲम्पचे खरे वॅट गुणिले स्पीकरचे ओहम, त्याचं वर्गमूळ. ७५ वॅट आणि ४ ओहम असेल, तर ३०० चं वर्गमूळ, म्हणजे १७.३ व्होल्ट. स्पीकरच्या वायरी काढा, इक्वलायझर सपाट ठेवा, डेकचा व्हॉल्यूम तीन-चतुर्थांश करा, पेन ड्राइव्हवरून टेस्ट टोन लावा (दारांसाठी १००० हर्ट्झ, वूफर म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरसाठी ५०) आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून तेवढा आकडा येईपर्यंत गेन हळूहळू फिरवा. त्याच्यापुढे नेऊ नका. दुकानात हे काम कानाने करतात. कान चांगला असेल तर माझी हरकत नाही, पण दिवसभर वूफर ऐकलेल्या कानावर संध्याकाळी भरवसा कसा ठेवायचा?

एका बाजूचा स्पीकर बंद पडला. स्पीकर गेला असेल ना?

आधी डेकवरचे बॅलन्स (डावं-उजवं) आणि फेडर (पुढचं-मागचं) बघा. हसू नका. मुलं मागच्या सीटवरून पुढे येऊन स्क्रीनशी खेळतात, आणि मी स्वतः एकदा दाराचं पॅनल उघडल्यावर हे बघितलं होतं.

मग कपलरमधून (वायरी जोडणारा प्लग) स्पीकर सोडवून मल्टिमीटर ओहमवर लावा. ४ ओहमचा चांगला स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. काहीच दाखवत नसेल, तर कॉइल तुटली. शून्याच्या जवळ असेल, तर कॉइल जळून आत चिकटली. मीटर नसेल तर घड्याळातला दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या दोन्ही टोकांना क्षणभर टेकवा. 'टप्' वाजलं की स्पीकर जिवंत आहे.

जिवंत निघाला, तर दार आणि खांब यांच्यामध्ये जी रबराची नळी असते तिच्यात वायर तुटलेली असणार. दार उघडताना-मिटताना आवाज येत-जात असेल तर हे नक्की. पावसाळ्यात आणखी एक संशयित असतो, उंदीर. चार दिवस एका जागी उभ्या असलेल्या गाडीत तो शिरतो आणि वायरी कुरतडतो. तसं झालं असेल, तर स्पीकरची वायर बदलून गप्प बसू नका. बाकीचं वायरिंगही बघून घ्या.

नवे, महागडे स्पीकर बसवले आणि बेस उलट कमी झाला!

एक स्पीकर उलटा जोडलाय. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे सूर हवेतच एकमेकांना मारतात. गायकाचा आवाजसुद्धा समोरून न येता गाडीभर पसरल्यासारखा वाटतो. बॅलन्स पूर्ण डावीकडे नेल्यावर बेस परत आला, तर निदान पक्कं. वर सांगितलेला सेलच इथेही कामाला येतो: सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला लावल्यावर पडदा बाहेर यायला हवा. दोन्ही दारांत तपासा आणि उलटा असेल तो सुलटा करा. खर्च शून्य.

मोठा ठोका आला की डेक बंद पडून पुन्हा चालू होतो, किंवा ॲम्पवर 'प्रोटेक्ट'चा लाल दिवा लागतो.

व्होल्टेज मोजा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते, चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास. प्रत्येक ठोक्याला ॲम्पच्या टोकाशी आकडा ११ कडे झुकत असेल, तर वायर बारीक आहे, फ्यूजचं बूड गंजलंय किंवा बॅटरी म्हातारी झालीय.

व्होल्टेज ठीक असेल, तर सगळ्या स्पीकरच्या वायरी काढा. दिवा गेला, की एकेक जोडत जा. जिच्याने दिवा परत लागेल ती वायर कुठेतरी पत्र्याला टेकलेली आहे. आजकालच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींत वीज खेळत असते, त्यामुळे स्पीकरचं मायनस बॉडीला जोडायचं नसतं. जुन्या टेपच्या काळातले काही मिस्त्री अजून जोडतात.

मे महिन्यात, दुपारी, सीटखालचा ॲम्प अर्ध्या तासाने बंद पडतो आणि थंड झाल्यावर चालतो? मग तो बिघडलेला नाही, तापलेला आहे. त्याच्यावरची सतरंजी आणि पाण्याच्या बाटल्या काढा.

डेकवर '५० वॅट × ४' लिहिलंय, आणि पंधराशे रुपयांच्या ॲम्पवर '३००० वॅट'. खरं काय?

डेकचं आधी. गाडीत १४.४ व्होल्ट आहेत आणि स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग भागिले ४ केला, की जवळजवळ ५२ वॅट येतात. '५०' तिथून आले. पण हा हिशोब चौकोनी लहरीचा, म्हणजे संपूर्ण फाटलेल्या आवाजाचा आहे. स्वच्छ सुराच्या गोल लहरीला त्याच्या निम्मेच, २६ च्या आत, आणि आतल्या चिपचं नुकसान वजा जाता हातात येतात १८ ते २२ वॅट. बहुतेक डेकमध्ये एसटी कंपनीची टीडीए ७३८८ किंवा तिची थोरली बहीण टीडीए ७८५० असली चिप असते, आणि दोन्हींना हाच नियम लागू. स्क्रीन दहा इंची झाली, प्रोसेसर आठ कोअरचा झाला, तरी गाडीचे व्होल्ट वाढत नाहीत.

आता ॲम्प. खोक्यावरचा आकडा वाचूच नका, फ्यूज वाचा. फ्यूज ३० ॲम्पियरचा असेल, तर ३० × १३.८ म्हणजे ४१४ वॅट. त्याहून जास्त वीज तो सतत ओढूच शकत नाही. त्यातली क्लास एबी ॲम्पमध्ये साधारण निम्मी उष्णतेत जाते, क्लास डीमध्ये पंधरा-वीस टक्के (एबी, डी हे ॲम्पच्या आतल्या रचनेचे प्रकार). म्हणजे एबी असेल तर दोनशे वॅट, डी असेल तर सव्वातीनशे ते साडेतीनशे, तेही सगळे चॅनल मिळून. तीन हजार कुठून आणायचे? खंडेराव मार्केटात भाजी घेताना आपण काटा बघतो. इथेही काटा समोर असतो, बघायची सवय नाही इतकंच.

'आरएमएस' (सतत मिळणारे वॅट) शब्द शोधा, आणि शक्य तर सीईए-२००६ (आताचं नाव सीटीए-२००६) हा शिक्का. त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्यापर्यंत विकृती अशा अटींवर वॅट मोजलेले असतात.

आणि वॅटचं वेड फार लावून घेऊ नका. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. ८७ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरऐवजी ९० चा घेतलात, तर तोच ३ डेसिबलचा फायदा ॲम्प न बदलता मिळतो.

दुकानात ऐकून पारख कशी करायची? सगळंच छान वाटतं.

छान वाटावं म्हणूनच ते तसं लावलेलं असतं. दुकानातल्या फळीवर वीस स्पीकर, आणि जो दुकानदाराला विकायचा आहे तो बाकीच्यांपेक्षा जरासा मोठा. एक-दोन डेसिबल मोठा आवाज कानाला 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो. म्हणून पहिली अट: दोन्ही स्पीकर सारख्याच पातळीवर वाजवा. दुसरी अट: त्यांची धडाम-धडाम डेमो गाणी नकोत, स्वतःचा पेन ड्राइव्ह न्या, आणि तुम्ही शंभरदा ऐकलेलं काहीतरी लावा.

मी काय नेतो ते सांगतो. अलीकडचं, चांगलं ध्वनिमुद्रण असलेली शास्त्रीय मैफल. सुरुवातीला तानपुरा एकटा असतो तेव्हाच अर्धी परीक्षा होते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या जवळ असतो. दाराचा साडेसहा इंची स्पीकर तो भरदार देतो, की नुसता त्याचा वरचा पडसाद ऐकवतो? मग जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या तारेचा झणत्कार. ती रेशमाच्या धाग्यासारखी सुटी ऐकू आली, तर ट्विटर बरा. 'चीं' अशी टोचली, तर रस्त्यावर तासाभरात डोकं दुखणार. नंतर तबला. डग्ग्यावरची घिस्सेदार मींड खालून वर एकसारखी चढायला हवी. मध्येच एखादा सूर फुगून धप्पकन मोठा झाला, तर खोकं किंवा दार त्या सुराला घुमतंय. चाटीवरचा 'ना' टिचकीसारखा कोरडा हवा.

जुनी रेकॉर्डिंग मात्र परीक्षेला नेऊ नका. आपल्या गावाला दरबारगायक म्हणून लाभलेले उस्ताद फैयाज खाँ १९५० मध्ये इथेच वारले. त्यांच्या तबकड्या ऐकायला दुसरा स्वर्ग, पण ७८ च्या तबकडीत खाली बेस नाही आणि वर सुईच्या खरखरीखेरीज फारसं काही नाही. तिच्यावर स्पीकर जितका चांगला, तितकी खरखर जास्त. एका भल्या माणसाने याच कारणासाठी उत्तम ट्विटर परत केले होते.

ज्यांना गरबाच ऐकायचाय त्यांनी ढोलाचा ठेका लावावा. परीक्षा तीच: प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो, की एकाच्या शेपटीवर दुसरा चढतो?

शेवटी, शक्य असेल तर गाडीत बसून, इंजिन चालू करून ऐका. अहमदाबादच्या एक्स्प्रेसवेवर ९३ किलोमीटर टायरचा घरघराट ७० डेसिबलच्या आसपास चालू असतो. त्यात तुमची जवारी बुडते आणि तळाचे सूरही. फळीवर सरस ठरलेला स्पीकर तिथे हरू शकतो.

आधी काय बदलावं: स्पीकर, ॲम्प, वूफर की डँपिंग?

पुढच्या दोन दारांचं डँपिंग, म्हणजे पत्र्याचं वाजणं दाबणं. कुणालाच हे उत्तर आवडत नाही, कारण ते दिसत नाही. दाराचा पत्रा ढोलासारखा असतो आणि आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात. त्या भोकांतून स्पीकरच्या मागची हवा पुढे येते आणि पुढचा बेस मारते. भोकं बंद केली आणि बाहेरच्या पत्र्यावर ब्यूटिलची पट्टी चिकटवली, की कंपनीचाच स्पीकर वेगळा वाटू लागतो. पूर्ण पत्रा मढवायची गरज नाही, तिसरा हिस्सा पुरतो. डांबराची स्वस्त शीट घेऊ नका. आपल्या उन्हात ती पाझरते आणि गाडीला नव्या रस्त्याचा वास येतो. दाराच्या तळातली पाणी जायची भोकं मात्र उघडी ठेवा, नाहीतर दार गंजेल.

काही वाजत असेल तर २० ते २०० हर्ट्झचा सरकता टोन लावा आणि हात फिरवत बसा. नंबर प्लेट, सनग्लासची खण, मागच्या काचेपाशी ठेवलेली गणपतीची मूर्ती, असे काहीबाही गुन्हेगार सापडतात.

त्यानंतर स्पीकर, मग ॲम्प, मग हवाच असेल तर वूफर. वूफर आला की दारांना ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारी चाळणी) लावा. खालचं ओझं उतरलं की दारंही मोकळी गातात.

वूफरसाठी सीलबंद खोकं की पोर्टवालं (हवा जायला नळी असलेलं)?

भजन, नाट्यगीत, गझल ऐकणाऱ्याने सीलबंद. पोर्टवालं तेवढ्याच वॅटमध्ये जास्त वाजतं, पण ज्या सुराला ते जुळवलेलं असतं तिथेच जास्त. आणि डिकी अर्धी जाते, हे घरी आधी सांगा.

पुरात बुडालेल्या गाडीतला ॲम्प स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी समा, फतेहगंजकडे घरांत शिरलं, तेव्हा गाड्याही बुडाल्या. सीटखालचे ॲम्प सर्वांत आधी. जुना माल घेताना म्हणूनच बॉटम प्लेटचे चार स्क्रू उघडूनच बघा. पिनांवर हिरवट बुरशीसारखं काही, कोपऱ्यात बारीक गाळ, स्क्रूंच्या डोक्यांवर गंज, असं दिसलं तर फुकटही नको. तो आज चालेल, पण तांब्याचं खाणं आतून चालूच राहतं. स्पीकरचा पडदा बोटांनी हलकेच, दोन्ही बाजूंनी सारखा दाबा. आत खरखर लागली, तर चुंबकाच्या फटीत गाळ किंवा गंज आहे.

तुमचीच गाडी बुडाली असेल, तर 'चालतंय का बघू' म्हणून डेक चालू करू नका. आधी बॅटरीची मायनस वायर काढा. ओल्या सर्किटला वीज मिळाली की एका रात्रीत जे गंजलं नसतं, ते मिनिटांत जळतं.

वायर स्वस्त घेतली तर काय बिघडतं?

जाड, मऊ, चमकदार रंगाची स्वस्त वायर बहुतेक तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. ब्लेडने एक तार खरवडा. आत पांढरी दिसली की ओळखा. ती साधारण दोन-तृतीयांशच वीज वाहते, म्हणून ती घ्यायचीच तर एक माप जाड घ्या. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवाच. तो ॲम्पला नाही, गाडीला वाचवतो. एवढ्या एका गोष्टीत माझ्याकडे तडजोड नाही.

गाडी बंद केली की स्टेशनं आणि सेटिंग पुसली जातात.

पिवळी आणि लाल वायर अदलाबदल झालीय. पिवळीला कायम वीज हवी, लाल चावीबरोबर. उलट तक्रार, म्हणजे दोन दिवसांनी बॅटरी उतरणे, असेल तर गाडी लॉक करून अर्ध्या तासाने मायनस वायरच्या मध्ये मल्टिमीटर घाला. ५० मिलिॲम्पियरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल, तर फ्यूज एकेक करून काढत जा. ज्याने आकडा पडेल, तिथे चोर.

अँड्रॉइड डेक बसवल्यापासून रेडिओ खरखरतो.

बऱ्याच गाड्यांच्या अँटेनामध्ये छोटा बूस्टर असतो आणि त्याला वीज डेकच्या निळ्या वायरने मिळते. फिटरने ती जोडलेलीच नसते. जोडूनही खरखर राहिली, तर डॅशकॅमचा किंवा चार्जरचा प्लग उपसून बघा.

वॉरंटी जाईल का?

मूळ वायर कापली तर वाद होतो. तुमच्या गाडीचा कपलर मागा, तो मिळतो. 'कापून जोडू, काही होत नाही' म्हणणाऱ्याकडून चहा प्या आणि निघा.

किती मोठ्याने ऐकणं ठीक?

८५ डेसिबलला आठ तास ही कामगारांसाठीची अमेरिकन संस्थेची शिफारस आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ ला एकच तास. फोनवरचं मीटर अगदी अचूक नसतं, पण अंदाज देतं. कायद्याचं म्हणाल, तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. नवरात्रात रात्री दोनला दारं उघडी टाकून वाजवणारे पुढच्या रविवारी माझ्याकडे वूफर जळला म्हणून येतात. मी त्यांना शेवटी घेतो.

काका, गाडी घेऊन कधी येऊ?

रविवारी नऊनंतर, सेव-उसळ खाऊन. बिघाड ज्या गाण्यात ऐकू येतो ते गाणं आणा, आणि डेकचा कोड आणा. बॅटरीची वायर काढली की काही कंपनी-फिटेड डेक तो मागतात, आणि ते कार्ड नेमकं घरच्या कपाटात असतं.